आपलंच रक्त, आपल्याच जखमेवर

काकांच्या उजव्या तळव्यात बाभळीचा काटा मोडला तो गेल्या वर्षीच्या पेरणीत. तो मोडलाय हे घरात सगळ्यांत आधी कळलं सुनेला, ओसरीच्या फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले म्हणून. काकांना काही दुखतच नव्हतं. मधुमेह बारा वर्षांचा. पाय बधिर कधी झाले ते त्यांनाही सांगता येत नाही. गावात काटा काढला, हळद भरली. तालुक्याला दोनदा पू काढला, एक बोट काढावं लागलं. आणि आता टाचेच्या पुढे तीनेक सेंटिमीटरची जखम घेऊन ते मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या ड्रेसिंग रूममध्ये पाय पसरून बसले होते.

"मॅडम, कापायचा असंल तर आजच सांगा. पोरगं सुट्टी काढून आलंय."

प्लास्टिक सर्जन मॅडमनी आधी पायाची नाडी चाचपली, मग जखमेकडे पाहिलं. "कापायचा नाही काका. थोडं रक्त घ्यायचंय तुमचं."

"तपासायला?"

"नाही. इथंच लावायला."

यंदाच्या अंकाचा विषय 'रक्त' आहे, असं संपादकांनी कळवलं तेव्हाच बजावलं होतं की रक्तदानावर आणि रक्ताच्या नात्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. तुम्ही रुग्णालयात जा आणि रक्ताचं सध्या काय काय होतं ते बघून या. पीआरपी, म्हणजे प्लेटलेटनं समृद्ध प्लाझ्मा, हे नाव मी ऐकलं होतं ते केसांच्या आणि चेहऱ्याच्या क्लिनिकांच्या जाहिरातींतून. सरकारी रुग्णालयातल्या ड्रेसिंगच्या टेबलावर, जिथे रोज पंचवीस-तीस जणांच्या जखमा धुतल्या जातात, तिथे त्याचीच सख्खी बहीण शोभणारी पद्धत चालते हे मला ठाऊक नव्हतं. म्हणून तिथेच बसून बघायचं ठरवलं.

दोन मिनिटांची घाई

सिस्टरनी आधी नळीवर काकांचं नाव लिहिलं आणि ते त्यांच्याकडूनच वदवून घेतलं. मग कोपराच्या शिरेतून दहा दहा मिलिलिटरच्या दोन नळ्या भरल्या. या नळ्या साध्या. रक्त गोठू नये म्हणून प्रयोगशाळेच्या नळीत औषध असतं, ते यांच्यात नसतं. त्यामुळे सुई शिरेत गेली की घड्याळ सुरू होतं. दोन मिनिटांच्या आत नळी मशीनमध्ये गेली नाही, तर रक्त नळीतच कसंही गोठतं आणि सगळं फुकट जातं. म्हणून मशीन ड्रेसिंगच्या टेबलापासून चार पावलांवर ठेवलेलं. सेंट्रिफ्यूज म्हणजे गोल पिंप, आत नळ्या अडकवायच्या कप्प्यांचं चक्र. समोरासमोरच्या कप्प्यांत सारखं वजन हवं, नाहीतर मशीन थरथरून नाचतं. नळ्या विषम असल्या तर समोर पाण्याची नळी ठेवतात. मशीन इन्व्हर्टरवर जोडलेलं आहे. फिरत असताना मध्येच लाइट गेली तर पेशंटला पुन्हा टोचावं लागतं, आणि एकदा तसं झालं की पुढच्या खेपेला तो येत नाही, असं सिस्टरांचं म्हणणं.

मिनिटाला तीन हजार फेरे, दहा मिनिटं. तेवढ्या वेळात मॅडमनी जखम तयार केली. या भागाचा कुठल्याही जाहिरातीत उल्लेख नसतो, आणि माझ्या मते उपचाराचा मोठा भाग हाच आहे. कडेची घट्ट, पांढरी, मेलेली कातडी ब्लेडनं उतरवली. तळाचा पिवळट थर खरवडला. लालबुंद, टिपूस रक्त येणारं मांस दिसेपर्यंत हात थांबला नाही. काका शांतपणे बघत होते. बधिर पायाला भूल लागत नाही. मग सलाईननं धुणं, आणि पारदर्शक प्लास्टिकवर पेननं जखमेची कड गिरवून घेणं. हे प्लास्टिक तारीख घालून केसपेपरला लावतात. पुढच्या आठवड्यात त्यावर दुसरी कड येते, मग तिसरी. जखम भरतेय की नाही हे डोळ्यांच्या अंदाजावर सोडायचं नाही, हा त्यामागचा हेतू.

मशीन थांबलं. नळीत तीन मजले झाले होते. तळाशी गडद लाल पेशी, वर पातळ पिवळा द्रव, आणि मधोमध पिवळसर जेलीचा लांबट गोळा. चिमट्यानं तो बाहेर काढला, तेव्हा खालच्या टोकाला लाल गोठण लोंबत होती. कात्रीनं ती कापताना सिस्टरनी जोडाजवळचा लाल भाग थोडा राखला. कारण विचारलं तर म्हणाल्या, "माल इथंच असतो." ते अगदी खरं आहे. प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी लाल पेशींच्या सीमेलगतच दाटीनं जमतात. गोळा दोन गॉझमध्ये ठेवून हलका दाबला. द्रव निघून गेला आणि हातात आली दुधावरच्या सायीसारखी, पण ओढली तरी न तुटणारी पातळ चकती. ती जखमेत अंथरली, वर चिकटू नये म्हणून व्हॅसलीनची जाळी, त्यावर गॉझ, त्यावर बँडेज.

"आता आठ दिवस सोडायचं नाही. भिजवायचं नाही. आणि या पायावर उभं राहायचं नाही."

"संडासला?"

"कुबडी देतेय ना."

या चकतीला डॉक्टर पीआरएफ म्हणतात: प्लेटलेटनं समृद्ध फायब्रिन. फ्रान्समधल्या जोसेफ शुक्रून यांनी २००१ मध्ये ही रीत मांडली. तिचं मोठेपण हे की तिच्यात बाहेरचं काही मिसळावं लागत नाही. सुई, नळी, मशीन आणि घाई, एवढ्यावर भागतं.

प्लेटलेटचं दुसरं काम

डेंग्यूमुळे प्लेटलेट हा शब्द आपल्या घराघरांत पोचला. रिपोर्टमधला आकडा दीड लाखाच्या वर आहे ना, एवढंच आपण बघतो. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये दीड ते साडेचार लाख या बिंबिका असतात, हाडांच्या मगजात तयार होतात, सात ते दहा दिवस जगतात. त्यांना केंद्रक नसतं. इटलीतल्या तुरिनच्या जुलिओ बिझोझेरो यांनी १८८२ मध्ये त्यांचं काम दाखवून दिलं: शिर फुटली की या तिथे चिकटतात, एकमेकींना धरतात आणि भोक बुजवतात.

पण बुजवणं हे त्यांचं अर्धंच काम. प्रत्येक बिंबिकेच्या पोटात बारीक कण असतात आणि त्यांत वाढीची प्रथिनं भरलेली असतात. जखमेच्या उघड्या पडलेल्या तंतूंना बिंबिका चिकटली की कण फुटतात आणि ही प्रथिनं बाहेर सांडतात. एक प्रथिन नव्या केशवाहिन्या फुटायला लावतं, दुसरं तंतू विणणाऱ्या पेशींना बोलावतं, तिसरं कडेच्या त्वचेला आत सरकायला सांगतं. याच वेळी रक्तातलं फायब्रिन जाळं विणतं आणि येणाऱ्या पेशी त्या जाळ्याला धरून जखमेत उतरतात. आधी सफाई करणाऱ्या पांढऱ्या पेशी, मग बांधकाम करणाऱ्या. लाल दाणेदार मांस भरून येतं आणि शेवटी त्यावर कडेनं कातडी चढते.

निरोगी माणसाच्या खरचटण्यात हे सगळं आपोआप होतं. काकांच्या पायात ते पहिल्याच टप्प्यावर अडलं होतं. महिनोन्‌महिने सूज, स्राव, जंतू. आणि त्या स्रावातली विकरं नव्यानं येणारी वाढीची प्रथिनं खाऊन टाकतात. जखम जुनी होते ती अशी. मग विचार असा की अडलेल्या ठिकाणी बिंबिकांचा ताजा, दाट पुरवठा बाहेरून करावा. तो दुसऱ्याच्या रक्तातून केला तर रोगांची आणि विजोडपणाची भीती. स्वतःच्या रक्तातून केला तर ती नाही.

काकांनी रक्त देताना विचारलं होतं, "अंगातलं कमी नाही ना व्हायचं?" रक्तदानात एका वेळी ३५० मिलिलिटर घेतात. इथे वीस.

काथ, मेण आणि पुण्याजवळची शस्त्रक्रिया

रुग्णाच्याच शरीरातलं काढून त्याच्याच शरीराला लावायचं, हे प्लास्टिक सर्जरीचं मूळ सूत्र. महाराष्ट्राचा त्यातला वाटा जगाच्या पुस्तकांत आहे.

लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये एक पत्र छापून आलं. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी १७९२च्या लढाईत इंग्रजी फौजेत बैल हाकत होता. तो टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या, वीटकाम करणाऱ्या समाजातल्या एका माणसानं त्याला नाक बसवून दिलं. मेणाच्या पातळ पत्र्याचा नाकाएवढा साचा केला, तो सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ मारली, तेवढी कातडी सोडवली आणि दोन डोळ्यांच्या मधली पट्टी जोडलेली ठेवून खाली वळवली. ती पट्टी म्हणजे त्या कातडीचा रक्तपुरवठा. नाक रुजल्यावर सुमारे पंचविसाव्या दिवशी ती कापली. थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली होती. ते वर्णन वाचूनच जोसेफ कार्प्यू यांनी पुढे १८१४ मध्ये लंडनमध्ये तसं नाक केलं.

या पत्रातला एक तपशील मला आमच्या विषयाच्या फार जवळचा वाटतो. जोड पक्का धरावा म्हणून त्या माणसानं टाके घातले नव्हते. पाण्यात भिजवून मऊ केलेला काथ, पानात घालतात तोच, कापडाच्या पट्ट्यांना लावला आणि पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवून सांधा झाकला. चार दिवस तेवढंच मलम. कातडी आणून ठेवण्याइतकंच ती जागची हलू न देणं महत्त्वाचं आहे, हे त्याला नेमकं माहीत होतं.

दुसऱ्या महायुद्धात हाच प्रश्न भाजलेल्या सैनिकांच्या निमित्तानं आला. अमेरिकी डॉक्टरांनी १९४४ मध्ये रक्तातलं फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन एकत्र करून त्याच्या डिंकानं कातडी चिकटवून पाहिली. डिंक धरत होता, पण कच्चा. पुढे १९७०च्या दशकात युरोपात तो घट्ट करण्यात यश आलं. मात्र अनेक दात्यांचं रक्त एकत्र करून बनवलेल्या फायब्रिनोजेनमधून काविळीचा धोका होता आणि त्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत त्याच्या विक्रीचा परवाना काढून घेतला गेला. तेव्हा शल्यविशारद रुग्णाच्या स्वतःच्या रक्ताकडे वळले. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्हिड नाइटन यांनी न भरणाऱ्या जखमांवर रुग्णाच्याच बिंबिकांतला अर्क लावून पाहिला. १९९८ मध्ये मायामीचे रॉबर्ट मार्क्स यांनी जबड्याच्या हाडाच्या कलमात प्लेटलेट-समृद्ध प्लाझ्मा मिसळला आणि तो निबंध इतका गाजला की दातांच्या, हाडांच्या, त्वचेच्या आणि मग केसांच्या डॉक्टरांनीही ही पद्धत उचलली.

दंडावरची कातडी

ड्रेसिंग रूमच्या वरच्या मजल्यावर ऑपरेशन थिएटर आहे. तिथे सात वर्षांच्या एका मुलीच्या दंडावर कातडी लावायची होती. अंघोळीसाठी उतरवून ठेवलेल्या कढत पाण्यात तोल जाऊन पडली. बाकीचं भाजणं वरवरचं होतं, ते भरलं. दंडापासून कोपरापर्यंतचा पट्टा खोल. तिथे आपोआप कातडी येणार नाही, आणि आली तरी कोपर आखडून जाईल.

मांडीवरून कातडीचा अतिशय पातळ थर काढतात, कागदाएवढा. तो जखमेवर ठेवला की पहिले दोन दिवस त्याला रक्तपुरवठा नसतो. खालून झिरपणाऱ्या द्रवावर तो कसाबसा तगतो. मग खालच्या केशवाहिन्या त्याच्यातल्या केशवाहिन्यांना येऊन मिळतात आणि कलम जगतं. या दोन दिवसांत त्याच्याखाली रक्ताची गुठळी झाली, पाणी साठलं किंवा पोरीनं हात झटकून तो सरकला, तर संपलं. म्हणून एरवी कडेनं टाके किंवा स्टेपलच्या पिना मारतात. पाच दिवसांनी त्या पिना एक एक करून काढायच्या. मोठी माणसंही तेव्हा ओरडतात.

इथे मॅडमनी पिना मारल्या नाहीत. मुलीचं थोडं रक्त, या वेळी न गोठवणाऱ्या औषधाच्या नळीत घेतलेलं, आधी हळू फिरवलं. लाल पेशी खाली बसल्या. वरचा प्लाझ्मा दुसऱ्या नळीत ओढून तो जोरात फिरवला. बिंबिका तळाशी गेल्या. वरचा निम्म्याहून जास्त द्रव काढून टाकला आणि उरलेला हलवून एकजीव केला. दहा मिलिलिटर रक्तातून असा प्लाझ्मा निघतो एक-दीड मिलिलिटर. हा पीआरपी. सिरिंजनं तो जखमेच्या लाल तळावर थेंब थेंब सोडला, बोटानं पसरला, वर कातडी अंथरली आणि ओल्या गॉझनं काही मिनिटं दाबून धरली. गॉझ उचलल्यावर मॅडमनी चिमट्यानं कातडीची कड धरून ओढून दाखवली. ती हलली नाही. फायब्रिनचं जाळं दोन्ही बाजूंनी धरून बसलं होतं.

पाचव्या दिवशी मी पट्टी सुटताना बघायला गेले. कातडी गुलाबी होती, एका कोपऱ्यात नखाएवढा भाग काळपट. "एवढं चालतं," मॅडम म्हणाल्या. मुलगी रडली ती पट्टीचा चिकटपट्टा ओढताना, एवढंच. तिची आई बाकावर बसून विचारत होती की शाळेत कधी पाठवू.

या रुग्णालयातला प्लास्टिक सर्जरीचा विभाग दोन खोल्यांचा. असे विभाग आपल्या राज्यात उभे राहिले त्याला एक परंपरा आहे. डॉ. सी. बालकृष्णन यांनी नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९५८ मध्ये देशातला पहिला स्वतंत्र प्लास्टिक सर्जरी विभाग उभा केला. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अँटिया यांनी कुष्ठरोगानं वाकडे झालेले हात आणि बसलेली नाकं दुरुस्त करण्यात आयुष्याचा मोठा काळ घातला. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांना सौंदर्य म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागलं नसेल. बाजारात बसल्यावर लोक उठून जाणार नाहीत, एवढं ते सौंदर्य होतं.

कागदावर काय सिद्ध झालंय

मॅडम उत्साही आहेत, पण भाबड्या नाहीत. मी विचारलं, याचा नक्की उपयोग होतो का? त्यांनी टेबलाच्या खणातून निबंधांच्या झेरॉक्स काढल्या.

मधुमेही पायाच्या जखमांबद्दल पुरावा बरा आहे. ब्रिटन, डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या ३२ केंद्रांत २६९ रुग्णांवर एक काटेकोर चाचणी झाली. २०१८ मध्ये ती 'लॅन्सेट'च्या मधुमेहविषयक नियतकालिकात आली. रुग्णाच्या रक्तातून, बाहेरचं काही न घालता, बिंबिका आणि पांढऱ्या पेशींची चकती करून ती दर आठवड्याला लावली. वीस आठवड्यांत चकती लावलेल्यांतल्या ३४ टक्के जखमा भरल्या. नुसत्या चांगल्या नेहमीच्या उपचारांवर २२ टक्के. फरक खरा आहे. पण त्याच आकड्यांत हेही दिसतं की चकती लावूनही तिघांतल्या दोघांची जखम त्या मुदतीत भरली नाही. २०१६च्या कॉक्रेन आढाव्यात दहा चाचण्यांमधले ४४२ रुग्ण होते. त्याचा सूर असा की मधुमेही पायाला फायदा होत असावा, पण पुरावा कच्चा. बाकीच्या जुन्या जखमांबद्दल काही ठाम सांगता येत नाही. अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेनं २०२१ पासून मधुमेहाच्या न भरणाऱ्या जखमांसाठी वीस आठवड्यांपर्यंत याचा खर्च मान्य केला.

भाजलेल्यांच्या कलमांचं चित्र वेगळं. नेदरलँड्समधल्या सर्जनांनी ५२ रुग्णांवर सुरेख योजना केली. प्रत्येकाच्या शरीरावर दोन सारख्या जागा निवडल्या, एकीवर पीआरपी घालून कलम लावलं, दुसरीवर तसंच. मग मोजमाप केलं. कलम रुजण्यात आणि व्रणात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. मग वरच्या मजल्यावरच्या मुलीला तुम्ही ते का लावलं, असं मी विचारलं. "पिना काढायच्या नाहीत म्हणून," मॅडम म्हणाल्या. "जास्त छान रुजेल म्हणून नाही." हे उत्तर मला फार पटलं. उपचार कशासाठी करतो आहोत ते डॉक्टरला इतक्या नेमकेपणानं माहीत असलं पाहिजे.

निकाल असे वेगवेगळे येण्याचं एक कारण मशीनजवळच सापडतं. मिनिटाला तीन हजार फेरे हा आकडा अपुरा आहे. चक्राचा हात लांब असेल तर त्याच फेऱ्यांत नळीवर जोर जास्त पडतो, आखूड असेल तर कमी. एका रुग्णालयाची कृती दुसऱ्याच्या मशीनवर जशीच्या तशी केली तर हाती वेगळंच रसायन येतं. कुणाच्या प्लाझ्मात पांढऱ्या पेशी असतात, कुणाच्या नसतात. मार्क्स यांनी एका मायक्रोलिटरमध्ये दहा लाख बिंबिका असल्या तर त्याला पीआरपी म्हणावं असं सुचवलं होतं, पण लावण्याआधी तेवढ्या आहेत का हे मोजणारे थोडे. आपल्याकडे तर फारच थोडे. सरकारी प्रयोगशाळेत सेल काउंटर असतो. प्लाझ्माचा एक थेंब त्यात घालायला दोन मिनिटं लागतात. ही मोजणी सक्तीची व्हायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. नाहीतर आपण काय लावतोय हे आपल्यालाच माहीत नसताना निष्कर्ष काढत बसू.

स्वयंपाकघरातला फ्रिज

केस आणि चेहरा यांच्या बाजारात शिरायचं टाळता येत नाही, कारण मशीन तेच आहे. पण तिथे रेंगाळण्याजोगंही फार नाही. टक्कल पडू लागलेल्या काहींना पीआरपीनं केस दाट झाल्याचं अभ्यास सांगतात. किती सिटिंग आणि किती काळ, यावर एकमत नाही. आपल्या शहरांत याचे हजारो रुपये घेतात, आणि सुई टोचणारा डॉक्टर आहे की नाही हे विचारलं जातंच असं नाही.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातली घटना मात्र प्रत्येक ग्राहकाला माहीत असायला हवी. तिथल्या एका स्पामध्ये चेहऱ्यावर बारीक सुया टोचून स्वतःचा प्लाझ्मा चोळायचा उपचार चालायचा. २०१८ मध्ये आरोग्य खात्याची माणसं आत गेली, तेव्हा सेंट्रिफ्यूज स्वयंपाकघराच्या ओट्यावर होतं, आणि नाव न लिहिलेल्या रक्ताच्या नळ्या फ्रिजमध्ये खाण्याच्या पदार्थांशेजारी ठेवलेल्या. स्पा बंद झाला. त्या स्पात उपचार घेतलेल्या तीन स्त्रियांना एचआयव्हीची बाधा तिथूनच झाली असावी, असा तपासाचा अहवाल अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं २०२४ मध्ये दिला.

आपलंच रक्त म्हणून निर्धास्त असतो आपण. ते आपलंच आहे याची खात्री नळीवरचं नाव देतं आणि नवी सुई देते. मराठवाड्यातल्या त्या ड्रेसिंग रूममध्ये सिस्टर आधी नाव लिहितात आणि मोठ्यानं म्हणवून घेतात, ते यासाठी.

चकतीनंतर

काकांना चार चकत्या लागल्या. प्लास्टिकवरच्या कडा एकीच्या आत एक येत गेल्या. पाचव्या खेपेला तिथे वाटाण्याएवढा भाग उरला होता. पण त्याआधी तीन गोष्टी झाल्या होत्या. पायाचा रक्तप्रवाह डॉप्लरनं तपासला होता, तो पुरेसा होता. नसता तर मॅडमनी चकती लावलीच नसती. वाहिनी बंद असताना कितीही बिंबिका घातल्या तरी मांस जगत नाही. हाडापर्यंत जंतू गेले आहेत का हे एक्स-रेत बघितलं होतं. आणि इन्सुलिन सुरू होऊन तीन महिन्यांची साखर अकरावरून साडेसातवर आली होती. चकतीचं श्रेय यातलं किती, हे एका पेशंटवरून ठरवता येत नाही. मॅडमही ठरवत नाहीत.

भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, असा आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचा २०२३ मधला अंदाज आहे. बधिर पायांची संख्या त्याच्या मागोमाग येते. साध्या नळ्या आणि जुनं मशीन, एवढ्यात होणारा हा उपचार जिल्ह्याच्या ठिकाणी पोचायला हवा, कारण पाय घेऊन शहरात येईपर्यंत बोटं जातात.

बधिर पायांचं आणखी जुनं घर विदर्भात आहे. तिथल्या एका कुष्ठरुग्णालयात मी गेले. कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो, पण तोवर मेलेल्या नसा परत येत नाहीत. तळव्याला दगड टोचलेला कळत नाही, चटका कळत नाही. जखम होते, भरते, त्याच जागी पुन्हा फुटते. अशा जखमांवर पीआरएफच्या चकत्या लावण्याचं बरंच काम भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी केलं आहे. इथेही दर बुधवारी मशीन फिरतं.

साठीच्या पुढच्या एका आजींची जखम पाचव्या चकतीनंतर बंद झाली होती. डॉक्टरांनी पाय हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि थेट चपलांच्या खोलीत पाठवलं. मऊ रबराची एमसीआर चप्पल पायात असल्याशिवाय ही जखम पुन्हा उघडणार, हे त्यांनी गेल्या खेपेलाही पाहिलेलं. चप्पल करणाऱ्या काकांनी पुठ्ठ्यावर आजींचा पाय आखून घेतला, फुटलेल्या जागेवर खूण केली. तिथे आतून खळगा ठेवायचा असतो. आजींच्या मापाचं रबर संपलं होतं, नवं यायचं होतं.

"कवा देता?"

"बुधवारी या."

"बुधवारी? परवापासून कापूस वेचाले जायचं हाय. किलोमागं पैसे देते."

काकांनी कपाटातलं उरलेलं रबर काढून पुठ्ठ्यावर ठेवून पाहिलं. दोन तुकडे जोडले तर भागत होतं. "उद्या दुपारी या मंग, बसून करून देतो. पण आजी, चप्पल पायात पडल्याबिगर वावरात जायचं नाही. एक दिवस मजुरी बुडाली तर बुडू द्या."

"अन् बांधावर काढून ठेवाची का?"

"नाही. वेचतानाही पायातच."